बाकाबरोबर बदलणारी मते

पाचोऱ्याच्या स्थानकावर पूर्वेकडे जाणारी गाडी धरली की भुसावळ मागे पडल्यावर थोड्याच वेळात मलकापूर येते आणि वऱ्हाड सुरू होतो. दक्षिणेकडे अजिंठ्याच्या डोंगरांकडे तोंड केले की तासाभराच्या आत मराठवाड्याची हद्द लागते. आज या दोन्ही हद्दी प्रवाशाच्या ध्यानातही येत नाहीत. परंतु १९४८ पर्यंत परिस्थिती अशी होती की पाचोरा मुंबई इलाख्यात, मलकापूर मध्यप्रांत-वऱ्हाडात आणि डोंगराखालची सोयगावकडची गावे निजामाच्या अमलाखाली. तिकडे बाजाराला निघालेल्या माणसाला करोडगिरीच्या नाक्यावर आपले गाठोडे सोडून दाखवावे लागे. १९५६ साली हे तिन्ही मुलूख एका राज्यात आले व १९६० साली त्यातून आजचा महाराष्ट्र सिद्ध झाला. ते होत असतानाच आमच्या पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा या भागांतील काही गावे गुजरातेत गेली. तेव्हा राज्ये जोडणे आणि तोडणे म्हणजे काय, हे खानदेशच्या माणसाला नकाशावरून शिकावे लागलेले नाही.

हे सांगण्याचे कारण विदर्भाच्या स्वतंत्र राज्याचा प्रश्न. निवडणुका जवळ आल्या की हा प्रश्न जागा होतो आणि मतपेट्या उघडल्या की पुन्हा झोपी जातो. आमचे स्वतःचे मत लपविण्याचे कारण नाही. आम्ही अखंड महाराष्ट्राचे पक्षपाती आहोत. मराठी माणसाचे एक राज्य असावे असेच आम्हांस वाटते. परंतु आजचा आमचा रोख विदर्भवाद्यांवर नाही. वेगळे राज्य मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे आणि त्यांच्या तक्रारींत तथ्यही आहे. आमचा रोख आहे तो त्या पुढाऱ्यांवर, जे विधिमंडळातील बाक बदलला की आपले मतही बदलून घेतात. डावीकडच्या बाकावर बसले म्हणजे विभाजनवादी होतात आणि उजवीकडे सरकले म्हणजे एकात्मतेचे पाईक. आम्ही काही वर्षे शाळेत मास्तरकी केली आहे. एका बाकावरून उठवून दुसऱ्या बाकावर बसविलेल्या मुलाला पाढे निराळे येऊ लागल्याचे आमच्या पाहण्यात कधी आले नाही.

या प्रश्नाचा इतिहास पाहिला तर तो अशाच बदलांनी भरलेला दिसतो. १ ऑक्टोबर १९३८ रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेने महाविदर्भाच्या स्वतंत्र प्रांताचा ठराव केला. त्या वेळी तेथे काँग्रेसचेच बहुमत होते. भाषावार रचनेचे तत्त्व तर काँग्रेसने १९२० सालीच, तेही नागपूरच्याच अधिवेशनात, आपल्या प्रांतिक समित्यांपुरते पत्करलेले होते. परंतु स्वराज्य आले, सत्ता हाती आली, आणि जे तत्त्व सत्ताविहीन काँग्रेसला स्वयंसिद्ध वाटत होते ते सत्ताधारी काँग्रेसला धोक्याचे वाटू लागले. १९४८ साली दार आयोगाने भाषावार प्रांत नकोत असे सांगितले व १९४९ साली नेहरू, पटेल आणि पट्टाभी यांच्या समितीने हा विषय पुढे ढकलण्याचा सल्ला दिला. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, संस्थाने नुकतीच विलीन झाली होती. या भीतीत तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु भीती खरी होती तर ती युक्तिवादाने दूर व्हायला हवी होती. ती दूर झाली १५ डिसेंबर १९५२ रोजी पोट्टी श्रीरामुलू यांचा उपोषणात अंत झाल्यावर. पुढच्या वर्षी आंध्रचे राज्य झाले.

महाराष्ट्राच्या वाट्याला तर याहून मोठी कसरत आली. २८ सप्टेंबर १९५३ रोजी भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण प्रभृतींनी विदर्भातील नेत्यांबरोबर नागपूर करार केला. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत व शिक्षणात वाटा, वर्षातून एक अधिवेशन नागपुरास, असे त्याचे स्वरूप होते. दोनच वर्षांनी फाजल अली आयोगाने आठ मराठी जिल्ह्यांचे विदर्भ राज्य वेगळे असावे अशी शिफारस केली. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडितजींनी मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे जाहीर केले. मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार झाले, या आंदोलनात शंभरावर माणसे बळी गेली. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये द्वैभाषिकाची टूम निघाली. एका वर्षाच्या आत एकाच पक्षाने तीन निरनिराळे नकाशे देशापुढे मांडले आणि प्रत्येक नकाशा हाच राष्ट्रहिताचा एकमेव मार्ग असल्याचे तितक्याच गंभीर मुद्रेने सांगितले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण उडाली; खुद्द यशवंतराव कराडला अगदी थोड्या मतांनी तरले. द्वैभाषिकाचा डोलारा उभा राहिला तो गुजरात, विदर्भ व मराठवाडा यांच्या मतांवर. त्यानंतर तीन वर्षांनी, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्राचा मंगलकलश आला. तो आणण्याचे श्रेय यशवंतरावांना देण्यात आम्ही कुचराई करीत नाही. मात्र मतदाराने मतपेटीत जे सांगितले ते त्याआधी सभा, मोर्चे, निवेदने आणि प्रेते यांनी सांगून झालेले होते, हेही विसरता येत नाही.

येथे एक शंका कोणीही घेईल. मत बदलणे हा गुन्हा आहे काय? मुळीच नाही. जो माणूस वीस वर्षांत कशाविषयीच मत बदलीत नाही तो विचार करीत नसावा, असे समजण्यास जागा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण घ्या. १९४८ साली दार आयोगापुढे त्यांनी मुंबईसह एक महाराष्ट्र मागितला. १९५५ साली त्यांनी भाषिक राज्यांवर पुस्तक लिहिले व त्यात महाराष्ट्राचे चार भाग सुचविले. आम्हांस तो तोडगा मान्य नाही. पण त्यांनी काय केले पाहा. नवे मत पुस्तकरूपाने, स्वतःच्या नावाने, कारणांसह आणि आकड्यांसह मांडले; आधीच्या मताशी त्याचा मेळ बसत नाही हे प्रस्तावनेतच सांगून टाकले; आणि ते अशा वेळी मांडले की संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत त्यातून टाळ्या मिळण्याचा संभव नव्हता. चिंतामणराव देशमुखांनी मत बदलले नाही; मंत्रिमंडळाने बदलले, तेव्हा १९५६ साली त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. एकाने मत बदलून किंमत मोजली, दुसऱ्याने न बदलून मोजली. मतांतराची पारख करायची तर हीच कसोटी आम्हांस उपयोगी वाटते. कारण सांगितले काय, आणि मोजले काय?

या कसोटीला नंतरची मंडळी किती उतरतात? जांबुवंतराव धोटे विदर्भवीर म्हणून गाजले. १९७१ साली ते फॉरवर्ड ब्लॉकतर्फे नागपुरातून लोकसभेवर गेले, आणि १९८० साली तेच धोटे इंदिरा काँग्रेसचे खासदार झाले, त्या काँग्रेसचे, जिने विदर्भाचे राज्य दिले नव्हते व द्यायची नव्हतीही. वसंत साठे आणि एन. के. पी. साळवे हे दोघे केंद्रात मंत्री होते. स्वतंत्र विदर्भाची कळकळ त्यांच्या ठिकाणी पुढे फार तीव्र झाली. मंत्रिपदाच्या काळात ती मंत्रिमंडळाच्या दाराबाहेर ठेवलेली होती असे दिसते. वसंतराव नाईक तर विदर्भाचे, आणि १९६३ ते १९७५ असे अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री. सत्ता विदर्भाकडे असली म्हणजे विदर्भाचा अनुशेष भरून निघतो, हे समीकरण तेव्हाच खोटे ठरले होते.

भारतीय जनता पक्षाची कथा अधिक सुसंगत दिसते, आणि म्हणूनच अधिक बोलकी आहे. १९९७ साली भुवनेश्वर येथे या पक्षाने स्वतंत्र विदर्भाचा ठराव केला. त्या वेळी महाराष्ट्रात तो शिवसेनेबरोबर सत्तेत होता, आणि शिवसेना विदर्भ तोडण्याच्या कट्टर विरोधात. (शिवसेनेच्या अनेक गोष्टी आम्हांस पटलेल्या नाहीत, परंतु या एका प्रश्नावर तिने सूर बदलला नाही, हे नमूद करणे प्राप्त आहे.) २००० सालच्या नोव्हेंबरात दिल्लीत भाजपप्रणीत सरकारने छत्तीसगड, उत्तरांचल व झारखंड अशी तीन राज्ये एका महिन्यात निर्माण केली. विदर्भ राहिला. मित्रपक्षाचा विरोध आहे, असे कारण सांगण्यात आले. ठीक, आघाडीत तडजोडी कराव्या लागतात. पण २०१४ साली लोकसभेत स्वबळावर बहुमत आले, त्याच सप्टेंबरात शिवसेनेशी युती तुटली, ऑक्टोबरात महाराष्ट्रात नागपूरचेच श्री. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले. अडसर उरला नाही, आणि ठरावही उरला नाही.

विधानसभेची संमती हवी, असेही एक कारण अधूनमधून पुढे येते. आमच्या सुशिक्षित वाचकांनी या वेळी राज्यघटनेचे तिसरे कलम काढून वाचावे. नवे राज्य निर्माण करण्यास संसदेतील साधे बहुमत पुरते. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, ते मानावे लागत नाही. २०१४ च्या जानेवारीत आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने तेलंगणाचे विधेयक फेटाळले. फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केले, काँग्रेसने मांडलेले आणि भाजपने पाठिंबा दिलेले. २ जूनला तेलंगणा अस्तित्वात आले. म्हणजे हा मार्ग दोन्ही मोठ्या पक्षांना ठाऊक आहे, दोघांनी मिळून तो चोखाळला आहे. आणि २००४ ते २०१४ या दहा वर्षांत काँग्रेसची सत्ता दिल्लीत होती तशी मित्रपक्षासह मुंबईतही होती. तेव्हा विदर्भाचे राज्य करायचे नाही, हे दोन्ही पक्षांचे प्रत्यक्ष धोरण आहे. आम्हांस ते धोरण मान्यच आहे! आमची तक्रार इतकीच की ते उघड्या तोंडाने सांगितले जात नाही.

या सर्व काळात किंमत मोजलेला एक माणूस आम्हांस दिसतो. राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी स्वतंत्र विदर्भाचे, व पुढे मराठवाड्याचेही, समर्थन केले. गदारोळ झाला, आणि मार्च २०१६ मध्ये त्यांनी पदाचा राजीनामा दिला. लोकनायक बापूजी अण्यांचे ते नातू. आजोबांनीही विदर्भाचा आग्रह अखेरपर्यंत सोडला नव्हता. अणे यांच्या मताशी आमचा उभा दावा आहे. पण मत जपण्यासाठी खुर्ची सोडणाऱ्या या विरोधकापुढे आम्ही मान लववतो. खुर्ची जपण्यासाठी आमच्या बाजूला येऊन बसलेल्यांविषयी तसे म्हणवत नाही.

हा रोग आपल्याच मातीतला आहे असे कोणी समजू नये. ज्या पार्लमेंटाच्या धर्तीवर आपण आपली विधिमंडळे उभारली, तेथे युरोपशी जोडून घ्यावे की नाही या प्रश्नावर असाच खेळ पन्नास वर्षांहून अधिक काळ चालला. मजूर पक्षाचे हॅरोल्ड विल्सन पंतप्रधान असताना १९६७ साली त्यांनी युरोपच्या सामायिक बाजारात प्रवेश मागितला. ते विरोधी पक्षात गेले आणि हुजूर पक्षाच्या हीथ यांनी तोच प्रवेश मिळविला, तेव्हा विल्सन यांना अटी पसंत पडेनात. ते पुन्हा सत्तेवर आले, अटींत थोडी डागडुजी केली आणि १९७५ च्या सार्वमतात राहण्याच्या बाजूने उभे राहिले. त्या सार्वमतात राहण्याचा प्रचार मार्गारेट थॅचर यांनीही केला होता. त्याच थॅचरबाईंनी १९८८ साली ब्रुज येथील भाषणात युरोपच्या वाढत्या सत्तेवर तोफ डागली. मजूर पक्षाने १९८३ च्या जाहीरनाम्यात बाहेर पडण्याचे वचन दिले आणि पुढे तोच युरोपचा पुरस्कर्ता झाला. २०१६ साली पुन्हा सार्वमत ठरले, तेव्हा लंडनचे महापौर व पत्रकार बोरिस जॉन्सन यांनी दोन लेख लिहिले, एक राहण्याच्या बाजूचा आणि एक सोडण्याच्या. दुसरा छापला. आम्हीही लेख लिहूनच पोट भरतो. एका विषयाच्या दोन बाजू मांडून पाहणे हा चांगला व्यायाम आहे हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यापैकी कोणता छापावा हे विषयावर ठरावे, पक्षाच्या नेतेपदावर नव्हे. तीन वर्षांनी जॉन्सन पंतप्रधान झाले. त्यांच्या आधी तेरेसा मे यांनी तर राहण्याच्या बाजूने मत मागितले होते, आणि त्यांचे पंतप्रधानपद बाहेर पडण्याच्या वाटाघाटींत संपले.

तरीही ब्रिटनमध्ये एक गोष्ट झाली. लोकांना विचारले गेले, दोनदा, आणि जे उत्तर आले ते पाळले गेले. आपल्या बाजूलाही असे एकदा घडले आहे. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण करावे या एकाच मागणीवर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष १९६३ च्या अखेरीस सत्तेवर आला होता. १६ जानेवारी १९६७ रोजी गोवा, दमण व दीवमध्ये जनमत कौल घेण्यात आला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी आधी राजीनामा दिला. १,३८,१७० मते विलीनीकरणाच्या बाजूने आणि १,७२,१९१ मते विरुद्ध पडली. महाराष्ट्राला ते कडू लागले. आम्हांस वाचतानाही अजून लागते. पण हिशेब मिटला, आणि काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत त्याच गोव्याने त्याच बांदोडकरांना पुन्हा निवडून दिले. हरलेल्या मताचा माणूसही लोकांना चालतो, हे तेथे दिसले. विदर्भाला मात्र सरकारने असा प्रश्न कधी विचारला नाही. त्याच्या वतीने बोलणारे मात्र शेकड्यांनी झाले.

या सगळ्या सोंगात खरे नुकसान कोठे होते तेही पाहिले पाहिजे. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली राज्यातील विकासाचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा काढला व त्यापैकी सुमारे ३९ टक्के विदर्भाचा दाखविला. घटनेच्या ३७१ व्या कलमाखाली १९९४ साली तीन वैधानिक विकास मंडळे झाली. विदर्भाचे एक, मराठवाड्याचे एक, आणि तिसरे ‘उर्वरित महाराष्ट्रा’चे. आमचा खानदेश या तिसऱ्यात, पुणे आणि कोल्हापूर यांच्या पंगतीला. गणिताच्या तासाला आम्ही मुलांना शिकवीत असू की भागाकार संपल्यावर जी उरते ती बाकी. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याचे राज्याच्या हिशेबात नेमके तेच स्थान ठरले. ज्या प्रदेशाने फुटून निघण्याची धमकी दिली त्याला नावाचे मंडळ मिळाले. ज्याने दिली नाही तो बाकीत गेला. फुटण्याची भाषा करणे फायद्याचे असते, हा धडा आम्हां एकनिष्ठांना सरकारनेच शिकविला असे कोणी म्हटले तर त्याचे उत्तर काय?

आणि त्या मंडळांचे तरी काय झाले? ३० एप्रिल २०२० रोजी तिन्ही मंडळांची मुदत संपली. मुदतवाढ मिळाली नाही. मार्च २०२१ मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या आमदारांनी विधानसभेत जाब विचारला, तेव्हा तेव्हाचे उपमुख्यमंत्री श्री. अजित पवार यांनी सांगितले की राज्यपालांनी विधान परिषदेवरील बारा नियुक्त सदस्यांची नावे जाहीर करावीत, मग मंडळेही जाहीर होतील. घटनेने मागास भागांसाठी केलेली तरतूद बारा खुर्च्यांच्या बदल्यात गहाण पडली! विरोधकांनी त्या दिवशी आकाश डोक्यावर घेतले, ते योग्यच होते. २०२२ साली तेच विरोधक सत्तेवर आले. त्यांच्या मंत्रिमंडळाने मंडळे पुन्हा स्थापण्याचा ठराव केला. ठराव भुवनेश्वरलाही झाला होता.

वृत्तपत्रांनीही याबाबत फार वरच्या पट्टीत बोलू नये, हे आम्ही जाणतो. विदर्भाच्या आंदोलनाची बातमी नागपूरच्या आवृत्तीत पहिल्या पानावर आणि मुंबईच्या आवृत्तीत आतल्या पानावर छापणारे आमचे समव्यवसायी आहेत. आणि खानदेशात बसून अखंड महाराष्ट्राचे अग्रलेख लिहिणे फारसे धाडसाचे नाही, याचीही आम्हांस जाणीव आहे. मलकापुरात राहून कोणी असा अग्रलेख लिहीत असेल तर त्याला आमच्यापेक्षा अधिक मान द्यावा.

आमची मागणी म्हणून लहानशीच आहे. नागपूर करारान्वये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरास भरते. त्या काळात मुंबईहून गाडीने निघालेले मंत्री, सचिव व आमदार पाचोऱ्यावरूनच जातात. ज्या पक्षाला विदर्भाचे राज्य हवे आहे त्याने त्या अधिवेशनात तसा ठराव मांडावा. ज्याला नको आहे त्याने उभे राहून विरोधी भाषण करावे, नागपूरच्याच सभागृहात, पुण्यात किंवा पाचोऱ्यात नव्हे. आवाजी मतदान घेऊ नये. सभासदाचे नाव पुकारून मत नोंदवावे आणि ती यादी दुसऱ्या दिवशी छापण्यास द्यावी. ठराव पडला तर विदर्भाचा व त्याबरोबर ‘उर्वरितां’चा अनुशेष कोणत्या वर्षापर्यंत, किती रकमेने भरून काढणार ते त्याच बैठकीत सांगावे. यादीसाठी लागेल तेवढी जागा या दैनिकाच्या पहिल्या पानावर आम्ही मोकळी ठेवू.